लेकराचे कान पहिल्या वर्षातच घडतात. मोबाईल नको, बोलणारं माणूस हवं

भातकुली : 'ताक' आणि 'टाक' यातला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. पण इंग्रजी बोलत वाढलेल्या मोठ्या माणसाला आपला 'त' आणि 'ट' सहसा सारखाच ऐकू येतो. नवल म्हणजे, तोच माणूस सहा महिन्यांचा होता तेव्हा त्याला हा फरक कळत होता! मग तो गेला कुठं?

कॅनडातील संशोधक जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये याचं उत्तर दिलं. लेकराला आईच्या मांडीवर बसवून हिंदीतले आवाज ऐकवले. 'ता, ता, ता' चालू असताना मधेच 'टा' यायचा. लेकरानं बदल ओळखून मान वळवली की खेळणं हलायचं. इंग्रजी घरातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक लेकरांना हे जमलं. १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांना. हिंदी घरातल्या ११-१२ महिन्यांच्या लेकरांना मात्र फरक बरोबर कळला.

म्हणजे सुरुवातीला लेकराचे कान अनेक भाषांसाठी उघडे असतात. घरात जे आवाज रोज कानावर पडतात ते पक्के होतात, बाकीचे मागं पडतात. आपल्या वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, मेळघाटात कोरकू बोलतात. लेकरू आपल्या घरच्या बोलीनुसार कान घडवतं. त्यात कमीपणा काहीच नाही.

मग मोबाईलवर गाणी लावून दिली तर? अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या लेकरांशी चिनी बोलणाऱ्या माणसांनी १२ वेळा समोर बसून गप्पा मारल्या, खेळ खेळले. त्या लेकरांना चिनी आवाजातले फरक कळू लागले. तेच पडद्यावर दाखवलेली लेकरं काहीच शिकली नाहीत.

वावरात जायची घाई असते, लेकरू रडतं, मग हातात मोबाईल दिला जातो. पण जागतिक आरोग्य संघटनाही वर्षाच्या आतल्या लेकराला पडदा दाखवू नका, असंच सांगते. त्यापेक्षा आंघोळ घालताना, भरवताना बोला. आजीची बडबड लाखमोलाची आहे.

आणखी एक. मोठ्या आवाजानं लेकरू दचकत नसेल, सहा महिन्यांनंतरही हाकेकडं वळत नसेल, तर 'होईल मोठं झाल्यावर' म्हणून थांबू नका. आशाताईंना सांगून कानाची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते.