दीर्घायुषी परग्रहवासी आणि देहांतराची परिभाषा

विज्ञानकथेतील दीर्घायुषी परग्रहवासी शतकानुशतके जगतात, परंतु पुष्कळदा एकाच देहाने जगत नाहीत. या देहबदलाला नाव काय द्यावे हा प्रश्न मूळ लेखकांनाही पडलेला दिसतो. या कथा मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे मात्र तो अधिकच बिकट होऊन उभा राहतो. कारण या अर्थाच्या शब्दांचा आपल्या भाषेत तुटवडा नसून सुकाळ आहे. आणि प्रत्येक शब्दाच्या पोटात एखादी कथा अथवा एखादा सिद्धान्त आधीच वस्तीला आहे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी-मालिकेचे होय. बी. बी. सी.वर ती १९६३ साली सुरू झाली. प्रमुख भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यामुळे १९६६ साली त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांना आणावे लागले. नट बदलला की प्रेक्षकाने डोळेझाक करावी, असा नाटकवाल्यांचा जुना संकेत आहे. येथे तसे न करता नटाचा बदल हाच पात्राच्या देहाचा धर्म ठरविण्यात आला. गंमत अशी की, त्या वेळी या क्रियेला निश्चित असे नावच नव्हते. नवा डॉक्टर स्वतःचे 'नवीकरण' झाल्याचे सांगतो आणि त्याचा संबंध आपल्या काळयानाशी जोडतो. १९६९ साली त्याच्या जातीचे लोक, म्हणजे 'टाइम लॉर्ड', प्रथम नाव घेऊन पुढे आले. त्या वेळी तर देहबदल ही त्यांनी दिलेल्या शिक्षेचाच एक भाग होती. 'रीजनरेशन' हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द मालिकेत उच्चारला गेला तो थेट १९७४ साली. पुढे १९७६ मध्ये अशा बदलांना बाराची मर्यादा घालण्यात आली; ती संपल्यावर २०१३ साली नवे आवर्तन बहाल करून कथानक पुढे नेण्यात आले. आधी घटना, मग नाव, मग नियम, आणि शेवटी नियमातून पळवाट, असा हा क्रम आहे. व्यवहारातील परिभाषाही पुष्कळदा अशीच घडते.

आता मराठी शब्दांकडे वळू. 'पुनर्जन्म' हा शब्द प्रथम जिभेवर येतो, पण तोच सर्वांत गैरलागू आहे. पुनर्जन्माला मध्ये मृत्यू लागतो, गर्भवास लागतो, आणि सामान्यतः पूर्वस्मृतीचा लोपही लागतो. डॉक्टर तर प्रौढ देहाने, साऱ्या स्मृतीसह उभा राहतो. 'परकायाप्रवेश' म्हणावे, तर शंकराचार्यांच्या आख्यायिकेतील अमरु राजाचे मृत शरीर डोळ्यांपुढे येते. येथे काया परकी नाही. 'कायाकल्प' १९६६च्या प्रसंगाला चांगला शोभतो. च्यवन ऋषींप्रमाणे जरा जाऊन तारुण्य येते, आणि ट्राउटन हे हार्टनेल यांच्याहून वयाने लहान होतेच. पण २०१३ मध्ये तरुण दिसणाऱ्या डॉक्टरच्या जागी पिकल्या केसांचा डॉक्टर आला, २०१७ मध्ये तर तो स्त्री झाला. तेथे हा शब्द तोकडा पडतो. 'कात टाकणे' म्हणावे, तर कात नवी असते, साप जुनाच.

'अवतार' या शब्दाचा मोह मात्र सहज सुटत नाही. भिन्न रूपे, भिन्न स्वभाव, तरी मूळ तत्त्व एक, ही कल्पना आपल्या वाचकाला समजावून द्यावी लागत नाही. डॉक्टरची निरनिराळी रूपे कधीकधी एकमेकांना भेटतात आणि भांडतातही. आपल्याकडे परशुराम आणि दाशरथी राम समोरासमोर आलेच आहेत. तथापि अवतार हा स्वेच्छेने खाली उतरतो. डॉक्टरचा देहबदल बहुतेक वेळा प्राणांतिक इजेतून ओढवतो.

म्हणून माझे मत शालेय जीवशास्त्रातील 'पुनर्जनन' या रूक्ष शब्दाच्या बाजूने पडते. त्यात पुराण नाही, हाच त्याचा गुण. शिवाय प्लॅनेरियाचे तुकडे केले असता प्रत्येक तुकड्याचा पूर्ण जीव होतो, हे विद्यार्थी त्याच शब्दाखाली शिकतात. आणि २०२३ साली मालिकेत डॉक्टरचे खरोखरच दोन झाले! त्यासाठी इंग्रजीला नवा शब्द जुळवावा लागला. आपला शब्द मात्र आधीच तयार होता.

अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ओआनकाली लोकांविषयी फार अडचण नाही. त्यांची मुले दीर्घ निद्रेच्या अवस्थेतून जातात व त्यानंतरच त्यांचे लिंग ठरते. लेखिकेने कीटकशास्त्रातील शब्दच उचलला आणि १९८९च्या कादंबरीला पूर्ण वाढलेल्या कीटकाच्या अवस्थेचे 'इमॅगो' हे नाव दिले. तेथे 'रूपांतरण' पुरेसे आहे. केवळ 'रूपांतर' नको, तो शब्द आपल्या रंगभूमीने परकीय नाटकांसाठी केव्हाच राखून ठेवला आहे.

खरा पेच ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या १९८६च्या 'स्पीकर फॉर द डेड' या कादंबरीत आहे. तेथील पेकेनिनो जातीत सन्मान्य व्यक्तीचे शरीर विधिपूर्वक चिरतात. त्या देहातून वृक्ष उगवतो आणि ती व्यक्ती त्या वृक्षरूपाने दीर्घकाळ जगत राहते. या अवस्थेला ते 'तिसरे आयुष्य' म्हणतात. माणसांना हे ठाऊक नसते. ज्या दोन अभ्यासकांना पेकेनिनोंनी हाच बहुमान दिला, ते अर्थातच मरण पावतात, आणि माणसे त्याला निर्घृण हत्या समजतात. एका समाजाच्या भाषेत ज्या क्रियेला मरण हे नावच नाही, तिला दुसऱ्या समाजापाशी दुसरे नावच नाही. दोन जीव या फटीत गेले.

येथे मराठी अनुवादकाच्या हाताशी 'समाधी' हा शब्द असतो. संताच्या बाबतीत आपण 'मेला' म्हणत नाही, 'समाधी घेतली' म्हणतो. आणि वृक्ष म्हटला की आळंदीचा अजानवृक्ष आठवतोच. त्याची मुळी ज्ञानदेवांच्या गळ्याशी लागली व एकनाथांनी ती दूर केली, ही कथा कोणाला ठाऊक नाही? शब्द इतका नेमका आहे की तो वापरू नये. पहिल्याच प्रकरणात 'समाधी' लिहिले, तर जे रहस्य माणसांना अखेरीस उमगायचे ते मराठी वाचकाला आरंभीच कळेल, आणि दोन अभ्यासकांचा मृत्यू त्याला चटका लावणार नाही. तेथे आधी 'हत्या' हाच शब्द हवा, आणि उलगडा झाल्यानंतर 'तिसरे आयुष्य'.