अस्सल टोपी कोणाची?

पॉल स्टुअर्ट हे अमेरिकेतील डेन्व्हर शहरातले एक काळे न्हावी. त्यांचा जन्म १९२५ साली आयोवा राज्यात झाला. लहानपणी 'काउबॉय आणि इंडियन' हा खेळ मांडला की त्यांच्या वाट्याला नेहमी इंडियनच यायचा, म्हणजे हरणारा. काउबॉय काळा नसतोच, हे सगळ्या पोरांना ठाऊक होते. पॉललाही ते खरेच वाटे. पुढे मोठेपणी ते डेन्व्हरला आले असता त्यांना रस्त्यावर एक काळा माणूस दिसला. डोक्यावर रुंद काठाची टोपी, पायात उंच टाचेचे बूट, टाचेला आर. स्टुअर्टना हसू आले. हा नुसता पोशाखी काउबॉय, असे ते सोबतच्या नातलगाला म्हणाले. तेव्हा कळले की त्या माणसाची स्वतःची गुरे होती, रँच होती. तो खराखुरा काउबॉय होता. ही हकीकत स्टुअर्ट स्वतःच सांगत असत.

इथे नकली काय होते? टोपी अस्सल होती, माणूस अस्सल होता. नकली होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांतले चित्र. आणि तो डोळाही एका काळ्या माणसाचाच होता. 'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्द वापरण्यापूर्वी ते कोणी ठरवले, हे विचारणे म्हणूनच भाग पडते.

या टोपीची जात शोधू गेलो तर काय हाती लागते? गोऱ्या अमेरिकनाने काउबॉयचा धंदा निर्माण केलेला नाही. स्पॅनिश भाषेत 'वाका' म्हणजे गाय. 'वाकेरो' म्हणजे गुरे राखणारा, मेक्सिकोतला घोडेस्वार गुराखी. रँच, लासो, रोडिओ हे सारे शब्द त्याचे. 'सोम्ब्रेरो' ही त्याची रुंद टोपी. 'सोम्ब्रा' म्हणजे सावली, हाच त्या टोपीचा अर्थ. उन्हापावसात दिवस काढणाऱ्या कष्टकऱ्याची ती गरज होती, शोभा नव्हे.

जॉन स्टेटसन हा न्यू जर्सीतल्या टोपीवाल्याचा मुलगा. त्याने १८६५ साली फिलाडेल्फियात कारखाना काढला. त्याची 'बॉस ऑफ द प्लेन्स' ही टोपी सपाट काठाची आणि गोल माथ्याची होती. आज सिनेमात दिसतात ते चिमटे आणि वळलेले काठ तिला नव्हते. ते वापरणाऱ्यांच्या हातांनी, पुढे पुढे पडत गेले. म्हणजे जी टोपी आज पश्चिमेचे प्रतीक म्हणून मिरवते, ती पूर्वेकडच्या शहरात, कारखान्यात तयार झाली.

कारखान्यातल्या माणसाचीही एक गोष्ट आहे. फेल्ट विणत नाहीत; सशाचे किंवा बीव्हरचे केस वाफेत दाबून त्याचा एकजीव थर करतात. केस एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून टोपीच्या धंद्यात ते पाऱ्याच्या द्रावणाने माखत. त्याची वाफ कामगारांच्या अंगात भिनत असे. हात थरथरत, दात हलत, मन ठिकाणावर राहत नसे. कनेक्टिकटमधले डॅनबरी हे टोप्यांचे मोठे गाव. तिथल्या या थरथरीला गावाचेच नाव पडले होते. टोपीधंद्यातला पाऱ्याचा वापर अमेरिकेत बंद झाला तो १९४१ च्या डिसेंबरात. टोपीच्या अस्सलपणाच्या चर्चेत या थरथरणाऱ्या हातांचा उल्लेख सहसा होत नाही.

आता टोपीखालच्या डोक्याकडे वळू. १८६० साली टेक्सासच्या लोकसंख्येत सुमारे तीस टक्के लोक गुलाम होते. यादवी युद्धात (१८६१–६५) गोरे मालक लढाईवर गेले आणि गुरे गुलामांच्या हाती राहिली. गुलामी संपल्यावर हीच माणसे पगारी गुराखी झाली. टेक्सासची गुरे शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वे ठाण्यांपर्यंत नेणाऱ्या तांड्यांत ती होती. त्या काळच्या गुराख्यांत चारातला एक काळा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मेक्सिकन आणि मूळचे इंडियन गुराखी आणखी वेगळेच.

नॅट लव्ह १८५४ साली टेनेसीत गुलाम म्हणून जन्मले आणि काउबॉय झाले. १९०७ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात रुंद टोपी, दोर आणि खोगीर घेतलेले त्यांचे रुबाबदार छायाचित्र आहे. तारेची कुंपणे आली, रेल्वे सर्वदूर पोहोचली आणि तांडे संपले. मग लव्ह रेल्वेच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करू लागले. धंदा मेला की कष्टकऱ्याचा पोशाख बदलतो. दंतकथा मात्र त्या पोशाखाला धरून राहते, आणि ती दुसऱ्याच्या मालकीची होते.

तसेच झाले. बफेलो बिल कोडीने १८८३ साली 'वाइल्ड वेस्ट'चा खेळ सुरू केला. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा १९०३ चा चित्रपट पश्चिमेत नव्हे, न्यू जर्सीत चित्रित झाला. टॉम मिक्ससारख्या नटांनी टोपी आणखी उंच, आणखी पांढरी केली. उलट १९०० साली फोर्ट वर्थमध्ये काढलेल्या छायाचित्रात बुच कॅसिडी आणि त्याचे साथीदार, पश्चिमेतले नामांकित दरोडेखोर, चक्क शहरी गोल बाउलर टोप्या घालून बसले आहेत! १९८० साली 'अर्बन काउबॉय' हा चित्रपट आला आणि ज्यांनी गाय हाकली नाही असे शहरी लोक टोप्या घालून यांत्रिक बैलावर बसू लागले. त्याच सुमारास खेड्यातला शेतकरी ट्रॅक्टरवर बसताना बियाणे आणि खाद्य विकणाऱ्या कंपन्यांच्या फुकट टोप्या घालत होता. टेक्सासात म्हणतात, टोपी भली मोठी, पण गुरू एकही नाही.

बिल पिकेट हे काळे गुराखी. धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घेऊन, त्याच्या ओठाला दात लावून त्याला लोळवण्याची कला त्यांनी रूढ केली. गोऱ्यांच्या स्पर्धांत त्यांना प्रवेश नसे. कधी इंडियन म्हणून पुढे करून त्यांना आत घ्यावे लागे. १९३२ साली ते वारले. १९९४ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले, तेव्हा त्यावर चेहरा छापला गेला तो त्यांच्या भावाचा. तिकिटे परत घेऊन पुन्हा छापावी लागली. सन्मान करायचा ठरवला तरी माणसाचा चेहरा ठाऊक नव्हता!

आपल्या वाचकांना हा प्रश्न परका नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या. प्रस्थापितांना ती वरच्यांची नक्कल वाटली असेल. वस्तुतः ती खूण पुसण्याची कृती होती. बाबासाहेबांचा सूटही असाच वाचला पाहिजे. राजस्थान-गुजरातेत दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या आजही येतात. अडवणाऱ्याचा आक्षेप घोड्याला नसतो. घोडा आपलाच, या दाव्याला तडा जातो, हे त्याचे दुखणे असते.

म्हणून नकलेत भेद केला पाहिजे. सत्ता असलेला माणूस कष्टकऱ्याचा पोशाख हौसेने घालतो, तेव्हा तो घाम वगळून रुबाब घेतो. सत्ता नाकारलेला माणूस नाकारलेले वस्त्र अंगावर चढवतो, तेव्हा तो हक्क सांगतो. पहिली चैन आहे, दुसरी झुंज आहे. दोहोंना एकाच 'नक्कल' शब्दाने तोलणे हा अन्याय आहे.

तरीही टोपीने भुलू नये. ज्या कुरणांवर हे तांडे गेले ती जमीन मूळच्या इंडियन लोकांकडून हिसकावलेली होती, आणि ती हिसकावणाऱ्या सैन्यात काळे घोडदळही होते. टोपीवर हक्क सांगताना हा हिशेबही मांडावा लागेल.

पॉल स्टुअर्टनी तो मांडायला सुरुवात केली. त्यांनी म्हाताऱ्या काळ्या गुराख्यांच्या आठवणी, छायाचित्रे, वस्तू जमवल्या आणि १९७१ साली डेन्व्हरात काळ्यांच्या पश्चिमेचे संग्रहालय उभे केले. त्यानंतर अर्धशतक लोटले, तरी वाद मिटलेला नाही. २०१९ साली लिल नास एक्स या काळ्या तरुणाचे 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे कंट्री संगीताच्या यादीतून काढून टाकले गेले. २०२५ साली बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. दार किलकिले झाले आहे. पण दारावर कोण उभा आहे, आणि 'तू अस्सल नाहीस' हे सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे विचारणे थांबवून चालणार नाही.