पाणी जिरवणारी बाग

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन दिल्लीला गेलो होतो. हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या दर्ग्यात हाजिरी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता ओलांडून पलीकडच्या सुंदर नर्सरीत गेलो. नावावरून आम्हाला वाटले होते, कुंड्या आणि रोपे विकण्याची जागा असेल. तासाभरात परतायचे म्हणून गेलो, पण बाहेर पडलो तेव्हा जुहरची वेळ झाली होती.

ही जवळपास ९० एकरांची बाग आहे. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवायला घेतली, तेव्हा नव्या राजधानीत कोणती झाडे तग धरतील हे पाहण्यासाठी इथे ठिकठिकाणची रोपे आणून लावली गेली. त्याच आवारात सुंदरवाला बुर्ज, लक्कडवाला बुर्ज अशा मोगलकाळातल्या इमारती उभ्या होत्या. पुढे जागेची आबाळ झाली, राडारोडा साचला. २००७ मध्ये आगाखान ट्रस्ट फॉर कल्चर या संस्थेने सरकारी खात्यांबरोबर करार करून काम हाती घेतले आणि २०१८ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली.

या बागेचा आराखडा प्राध्यापक मोहम्मद शहीर यांचा. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये त्यांनी अनेक वर्षे हा विषय शिकवला. बाग खुली होण्याआधीच, २०१५ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. आपण लावलेल्या झाडाची सावली आपल्याला मिळेलच असे नाही, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. इथे त्याचा अर्थ डोळ्यांना दिसला.

बागेच्या मधोमध दगडी पाट, कारंजी आणि फुलांचे ताटवे आहेत. ही जुन्या चारबागेची आठवण. चारबाग म्हणजे पाटांनी आणि वाटांनी चार भागांत विभागलेली बाग. कुरआनात जन्नतचे वर्णन वाहत्या नहरींच्या बागांचे आहे, हे आपल्या घरातली लहान मुलेही जाणतात. पण हे पाट केवळ शोभेचे नसत. पाणी खेळवायचे, हवा गार ठेवायची, झाडांना ओल द्यायची, अशी अनेक कामे त्यांतून होत.

शेजारच्या हुमायूनच्या मकबऱ्यात हे जास्त नीट समजले. तिथल्या बागेची दुरुस्ती २००३ मध्ये पूर्ण झाली. तिथल्या पाटांना ४० मीटरमागे जेमतेम एक सेंटिमीटर उतार आहे. एवढ्याशा उतारावर पाणी सरकते ठेवणे ही कारागिरांच्या हाताची कमाल! जुन्या विहिरी उपसल्या गेल्या आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून शंभराहून अधिक शोषखड्डे खणले गेले. म्हणजे जमिनीतून घेतलेले पाणी जमिनीलाच परत देण्याची सोय झाली.

सुंदर नर्सरीतली आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. दिल्लीच्या जमिनीला तिथल्या लोकांनी जुनी नावे दिलेली आहेत. खडकाळ डोंगराळ भाग तो कोही, नदीकाठचा पूर येणारा भाग तो खादर, पुराच्या पातळीहून उंच असलेली गाळाची जमीन ती बांगर आणि पाणी साचणारा सखल भाग तो डाबर. बागेच्या एका भागात या चारही जमिनींचे नमुने तयार करून प्रत्येकीवर तिची आपली झाडे लावली आहेत. आपले शेतकरी माळ, मुरमाड, काळी, पाणथळ असे शब्द वापरतात, त्यातलाच हा प्रकार. आधी जमीन ओळखायची, मग तिला मानवेल ते लावायचे.

हे शहाणपण आपल्या दख्खनलाही नवे नाही. मलिक अंबर यांनी खडकी शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीने त्यांनी शहरात आणले. तिथली पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की नहरीच्या पाण्याच्या जोरावर फिरायची आणि तिथे दळलेल्या पिठाच्या भाकरी मुसाफिरांच्या व तालिबे इल्मांच्या पोटात जायच्या. पाण्याचा एकच प्रवाह चक्की फिरवी, हौद भरी आणि आवार थंड ठेवी.

दिल्लीहून परतताना रेल्वेत धाकटी म्हणाली, ‘‘अब्बा, आपल्या मस्जिदीत वुजूचे पाणी कुठे जाते?’’

आम्ही गप्प झालो. ते गटारात जाते. आमच्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीच्या अंगणात दोन जुने कडुनिंब आहेत. बोअरचे पाणी एप्रिलमध्ये आटते आणि रमजान उन्हाळ्यात आला की टँकर मागवावा लागतो. त्यातच कमिटीने सगळ्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवायचे ठरवले होते. हेतू चांगला होता. पावसाळ्यात चिखल होतो, बुजुर्ग घसरतात. पण ब्लॉक खोडापर्यंत भिडले असते, तर मुळांना पाणी आणि हवा कशी मिळणार?

एका जुम्याच्या नमाजनंतर आम्ही सदर साहेबांना भेटलो. ते आधी हसले, म्हणाले, ‘‘मास्तर, दिल्लीची बाग इथे आणता काय?’’ आम्ही म्हणालो, ‘‘बाग नको. खोडाभोवती चार-चार फूट माती उघडी सोडा आणि वुजूचे पाणी त्या मातीकडे वळवा. वुजूला साबण लागत नाही, ते पाणी झाडाला चालते. छताचे पाणी एका शोषखड्ड्यात सोडा.’’ वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही हजरत पैगंबरांची (स.) शिकवण त्यांना आम्ही काय सांगणार! ती आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलेली होती. ते थोडा वेळ झाडांकडे पाहत राहिले.

वाटेपुरते ब्लॉक बसले. दोन्ही निंबांभोवती माती उघडी आहे आणि वुजूखान्याचा पाइप तिकडे वळवला आहे. शोषखड्ड्याचे काम मात्र पैशांअभावी अडले आहे. या पावसाळ्याआधी तो झाला नाही, तर छतावरचे पाणी आणखी एक वर्ष गटारात जाईल. म्हणून आम्ही काही घरांनी मिळून वर्गणी सुरू केली आहे. बोअरचे पाणी लगेच वाढेल असे आम्ही कुणाला सांगत नाही. जमिनीला भरायला वेळ लागतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या मस्जिदीचे, मदरशाचे, कब्रस्तानचे अंगण एकदा या नजरेने पाहा. उतार कुठे आहे, पाणी कुठे जाते, जुनी झाडे कोणती, हे आधी घरातल्या मुलांना मोजायला आणि लिहायला सांगा. मग कमिटीकडे जा. झाडापासून माणसाला, पाखराला, जनावराला जे मिळते ते लावणाऱ्याचा सदका ठरते, असे आपल्याला शिकवले गेले आहे. उभे असलेले झाड जगवणेही त्याहून फार वेगळे नसावे.