लोहाची आवक

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या सरकारी प्रसूती रुग्णालयाबाहेर थोडा वेळ थांबलं, की लोहाच्या गोळ्यांची चर्चा कानावर येतेच. मराठी, तेलुगू, दखनी अशी भाषा बदलते, शंका मात्र त्याच. जेवणाआधी घ्यायची की नंतर? चहाबरोबर चालते का? रोज गोळी घेऊनही रक्त का वाढत नाही? या शेवटच्या शंकेचं उत्तर शोधता शोधता मी आतड्याच्या अभ्यासात शिरलो आणि तिथेच रमलो.

आधी थोडा हिशेब. मोठ्या माणसाच्या अंगात तीन ते चार ग्रॅम लोह असतं. रोज रक्तासाठी लागणारं वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडून मिळतं, आतड्यातून येतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. एकदा रक्तात उतरलेलं जादा लोह बाहेर टाकायची सोय मात्र शरीरात नाही. मॅककान्स आणि विडोसन या संशोधकांनी 1937 मध्ये हे मांडलं. जावक हातात नाही, म्हणून सगळी शिस्त आवकेवर.

ही शिस्त पाळली जाते लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये. तिथल्या पेशीच्या पृष्ठभागावर अन्नातल्या फेरिक लोहाचं फेरस होतं, मग डीएमटी-1 नावाचं प्रथिन ते आत घेतं. आत आलं म्हणजे रक्तात पोहोचलं असं मात्र नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला फेरोपोर्टिन हे एकच दार आहे आणि त्याच्यावर यकृताचा हुकूम चालतो. लोहाचा साठा पुरेसा असला की यकृत हेप्सिडिन सोडतं. अवघ्या पंचवीस अमिनो आम्लांचा हा रेणू फेरोपोर्टिनला चिकटतो आणि पेशी ते दार आत ओढून मोडून टाकते. गान्झ आणि नेमेथ यांच्या गटाने हे 2004 मध्ये दाखवलं. अडकलेलं लोह पेशीतल्या फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात पडून राहतं, तीन ते पाच दिवसांत ती पेशीच झडते आणि लोह तिच्याबरोबर शौचावाटे जातं. नको असलेला माल शरीर पेशीसकट टाकून देतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो.

ताप, जंतुसंसर्ग किंवा जुनी सूज असली तरी हेप्सिडिन वाढतं. मग गोळी पोटात जाते, पण रक्तात फारशी उतरत नाही. गरोदरपणात उलट घडतं. पुढच्या महिन्यांत हेप्सिडिन खाली येतं आणि आतडं जास्त लोह घेऊ लागतं. सुलतान बाजारच्या रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक गरोदर बायकांच्या शरीरात हे चाललेलं असतं.

आपल्या गावाचाही या विषयात वाटा आहे. कुन्नूरची पोषण संशोधन संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली, तीच तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था. तिथल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींना भाताच्या जेवणाबरोबर पेरू दिला, तेव्हा लोहाचं शोषण स्पष्टपणे वाढलं. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पेरूतलं क जीवनसत्त्व लोहाला फेरस रूपात ठेवायला मदत करतं. बडी चावडीच्या भाजीबाजारात तिखट-मीठ लावलेल्या पेरूच्या फोडी मिळतात, आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. जेवणाबरोबर खाण्यासारखं इतकं स्वस्त फळ दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. जेवण होताच इराणी चहा पिण्याची आपली सवय मात्र वाईट. चहातली टॅनिनं वनस्पतिजन्य लोहाला पकडून ठेवतात. चहा तासा-दोन तासांनी घ्यावा.

आता रोजच्या गोळीकडे. मोठा डोस घेतला की हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. झुरिचच्या संशोधकांनी लोहसाठा कमी असलेल्या, पण गरोदर नसलेल्या तरुण स्त्रियांना गोळ्या रोज आणि एक दिवसाआड देऊन पाहिल्या. 2017 मध्ये निकाल आला: दिवसाआड घेतल्यावर सरासरी 21.8 टक्के लोह शोषलं गेलं, रोज घेतल्यावर 16.3 टक्के. गरोदर स्त्रीची गरजच वेगळी. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात तिला 60 मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज दिली जाते. त्यामुळे झुरिचचा आकडा वाचून तिने डॉक्टरांना न विचारता गोळी दिवसाआड करू नये. गोळीने मळमळलं तरी ती परस्पर न सोडता, तपासणीला येईल तेव्हा तसं सांगावं. वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलून देता येतो.