नेट स्लो आहे की घरचा कॉम्प्युटर? प्लॅन बदलण्याआधी एवढं तपासा

दहावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांचे फोन सुरू होतात. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये तर त्याच्या आधीपासूनच आहेत. फॉर्म, पसंतीक्रम, दाखले, सगळं नेटवर. अशाच एका वेळी चिंचवडमधल्या आमच्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म अडकला. अब्बू चाकणला शिफ्टमध्ये, घरी जुना सेकंडहँड कॉम्प्युटर. पान अर्धं भरलं की वायफाय गायब! घरच्यांनी नेटवाल्याला तीनदा फोन केला, महागडा प्लॅनही घेतला. फरक काहीच नाही. शेवटी आम्ही जाऊन बसलो, तर दोष घरातच निघाला.

म्हणून आम्ही जो क्रम वापरला तो इथे देत आहोत.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. मोबाइल राउटरजवळ नेऊन वायफायवर स्पीड तपासा. तिथेही स्लो असेल तर राउटर किंवा बाहेरची लाइन बघावी लागेल. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर केबल तुटली समजा, तक्रारच करावी लागेल. मोबाइलवर नेट चांगलं आणि कॉम्प्युटरवर खराब, असं असेल तर नेटवाल्याला दोष देऊ नका. शक्य असेल तर कॉम्प्युटर केबलने थेट राउटरला जोडून पाहा. केबलवर नीट चाललं तर अडचण वायफायचीच.

राउटरची जागा बदला. फ्रिजमागे, लोखंडी कपाटात किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर निम्मी ताकद तिथेच गमावतो. घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळा ठेवा.

२.४ आणि ५ यातला फरक समजून घ्या. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीही बऱ्यापैकी पार करतो, पण त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. आपल्या चाळी-सोसायट्यांत एकेका मजल्यावर किती राउटर असतात ते मोबाइलवर पाहा! ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण पल्ला कमी. कॉम्प्युटर त्याच खोलीत असेल तर ५ निवडा. जुन्या कॉम्प्युटरला ५ दिसतच नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा ठेवा. हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत.

डोंगल कुठे लावला आहे? त्या विद्यार्थिनीच्या घरी खरी गडबड इथेच होती. वायफायचा छोटा डोंगल कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे, निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये होता आणि शेजारीच हार्ड डिस्क. पुढे पत्र्याचा डबा, मागे भिंत. त्यात यूएसबी ३ चं उपकरण चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतं, त्यात डोंगलला राउटरचं ऐकू येत नाही. आम्ही साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला. नेट तुटणं तिथेच थांबलं.

विंडोजचं एक सेटिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर उघडा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये असते, ती काढा. फॉर्म भरताना अपडेट चालू नाही ना, तेही बघा.

एक हिशेबही लक्षात ठेवा. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० चा प्लॅन सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट देतो. आणि डोंगलवर १५० छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्माही वेग बहुतेक वेळा मिळत नाही. अशा डोंगलवर मोठा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि ऐन मुदतीच्या दिवशी काहीच चालेना तर? मोबाइल चार्जिंगच्या डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. वायफाय मध्ये येतच नाही. घरची लाइट गेली असेल तर त्याच मोबाइलवर फॉर्म उघडा.

त्या मुलीचा फॉर्म त्या रात्री भरला गेला. पण दोन दिवस वाया गेले आणि प्लॅनचे जादा पैसेही. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून शेवटच्या तारखेची वाट न पाहता आजच तपासून घ्या.