रुग्ण नसताना मोजायचं कोणी?

आरोग्याचा हिशेब : भाग सातवा

मार्च २०२०. करोना दाराशी येऊन ठेपला होता आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं, म्हणजे एनआयव्हीचं, एक पथक महाबळेश्वरच्या एका गुहेत वटवाघळं पकडत होतं. शोध करोनाचा नव्हता, निपाहचा होता. महाराष्ट्रात तोवर निपाहचा एकही रुग्ण सापडलेला नव्हता. तरीही वनखात्याची परवानगी काढून जाळी लावली गेली, घशाचे आणि गुदद्वाराचे स्वॅब घेतले गेले, रक्त काढलं गेलं. एकूण ८० वटवाघळं तपासली. त्यांत बहुसंख्य होती फळं खाणारी, गुहेत राहणारी रुझेटस जातीची. उरलेली पिपिस्ट्रेलस नावाची, मूठभरही न भरणारी, किडे खाणारी.

निष्कर्ष २०२१ च्या जूनमध्ये बाहेर आला. दोन्ही जातींत निपाहच्या खुणा सापडल्या होत्या. त्याआधी महाराष्ट्रातल्या कुठल्याच वटवाघळात त्या दिसल्या नव्हत्या. भारतात निपाह म्हटलं की झाडांना उलटी लटकणारी मोठी वाघळं डोळ्यांपुढे येतात. इथे प्रश्न गुहेतल्या जातींचा होता, म्हणून शास्त्रज्ञांचे कान टवकारले. बातम्यांचे मथळे मात्र असे होते, की वेण्णा लेकवर घोडा धरून उभ्या असलेल्या माणसाला वाटावं, उद्यापासून धंदा बंद! त्याला हे नीट सांगायला हवं होतं की रक्तात प्रतिपिंडं सापडली याचा अर्थ त्या प्राण्याचा विषाणूशी कधीतरी संबंध आला. साथ आली, असा त्याचा अर्थ होत नाही.

या लेखमालेत आपण औषधं, लसी, विमा यांच्या पैशाचा माग काढला. आज ज्या कामातून विकण्यासारखं काहीच निघत नाही, त्याच्याकडे वळू. महाबळेश्वरच्या गुहेतून ना गोळी निघाली, ना लस. निघाली ती एक नोंद : अमुक ठिकाणी, अमुक जातीत, अमुक काळात हे सापडलं. या नोंदीला गिऱ्हाईक नाही. काहीच सापडलं नसतं तरी तितकाच खर्च आला असता आणि तीही नोंद तितकीच मोलाची ठरली असती. असा व्यवहार कुठलीही कंपनी का करेल? तिला दोष देण्यातही अर्थ नाही. हे काम सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवं आणि इथे ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, पैशातून झालं.

एनआयव्हीची स्वतःची कहाणीही पैशाचीच आहे. १९५२ साली ती पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून उभी राहिली, आयसीएमआर आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या भागीदारीत. पाचच वर्षांत, १९५७ मध्ये, शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली आणि क्यासनूरचा ताप ओळखला गेला, तो इथल्याच लोकांमुळे. १९६७ मध्ये रॉकफेलरने अंग काढून घेतलं. दात्याची प्राथमिकता बदलली की असंच होतं. सगळा भार आयसीएमआरने उचलला आणि १९७८ मध्ये संस्थेला ‘राष्ट्रीय’ दर्जा मिळाला. सरकारने तेव्हा हात आखडता घेतला असता, तर २०२० मध्ये गुहेत जाणारं पथकच नसतं.

अशा संस्थेत पैसा जातो कुठे? पगार आणि यंत्रं सोडली, तर एक मोठा खर्च शीतपेट्यांचा. उणे ८० अंशांवर वर्षानुवर्षं नमुने जपायचे, वीज गेली तर जनित्र, जनित्र बिघडलं तर दुसरं. हे कशासाठी, याचं उत्तर सिलिगुडीत आहे. २००१ साली तिथे मेंदूज्वराची जीवघेणी साथ आली, डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. कारण कळेना. जपून ठेवलेल्या नमुन्यांची पुढे फेरतपासणी झाली, तेव्हा कळलं की तो निपाह होता. त्यावरचा शोधनिबंध २००६ मध्ये आला. आणि २०१८ मध्ये कोझिकोडला? मणिपालच्या प्रयोगशाळेने ओळखलं, पुण्याने शिक्कामोर्तब केलं, तेही काही दिवसांत. मधल्या काळात त्याच पुण्यात, पाषाणला, सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा उभी राहिली होती. तिच्यावरचा खर्च कुठल्या एका वर्षाच्या अंदाजपत्रकात वसूल झालेला दिसणार नाही.

आता घाट उतरून सांगलीला जाऊ. मे २०२० मध्ये आयसीएमआरने देशातले ७० जिल्हे निवडून करोनासाठी रक्तसर्वेक्षण केलं. महाराष्ट्रातले सहा होते : बीड, परभणी, नांदेड, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. पद्धत बघण्यासारखी आहे. जिल्ह्यातून दहा गावं किंवा वॉर्ड काढायचे, तेही मनाने नाही. मोठ्या वस्तीला निवडीची संधी जास्त, छोट्याला कमी. प्रत्येक ठिकाणी चाळीस माणसं, एका घरातून एकच प्रौढ. एकच का? घरात एकाला लागण झाली की बाकीच्यांनाही होण्याचा संभव मोठा. चौघांचं रक्त घेऊनही माहिती जेमतेम एकाचीच मिळते. म्हणजे जिल्ह्यातून चारशे माणसं, आणि त्यांतल्या बहुतेकांना खोकला ना ताप. टाळेबंदीच्या दिवसांत, धडधाकट असताना, ‘रक्त द्या’ म्हणून दार वाजवणाऱ्या पथकाला लोकांची समजूत काढावी लागते. त्यासाठी गावातली आशाताई बरोबर हवी. तपासणीचं ‘कोविड कवच’ किट पुन्हा एनआयव्हीचंच होतं.

पहिल्या फेरीत देशभरातल्या २८,००० प्रौढांच्या तपासणीतून बाधेचं प्रमाण निघालं ०.७३ टक्के. आकडा किरकोळ वाटतो. पण तो देशाच्या प्रौढ लोकसंख्येला लावला तर मेच्या सुरुवातीलाच सुमारे ६४ लाख प्रौढांना लागण होऊन गेलेली. नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे न नोंदलेले ऐंशी ते एकशेतीस! दवाखान्यात आलेल्यांपैकी किती दगावले, हा आकडा भयंकर दिसतो, कारण छेदात फक्त दवाखान्यात आलेले असतात. खरा छेद गावात फिरूनच मिळतो. चौथ्या फेरीत, २०२१ च्या जून-जुलैमध्ये, प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेलं होतं.

मूठभर माणसांवरून मुलखाचा अंदाज बांधायचं हे शास्त्र ज्यांनी भारतात रुजवलं, त्यांतलं एक मोठं नाव याच भागातलं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्याकडे शिकले, परत येऊन कोलकात्याच्या आरोग्य संस्थेत काही काळ शिकवलं आणि मग शेतीच्या आकडेवारीकडे वळले. शेतातल्या एका तुकड्याची कापणी करून जिल्ह्याचं पीक अंदाजायचं, याची शिस्त त्यांनी घालून दिली. नमुना निवडीवरचा त्यांचा ग्रंथ १९५४ चा. पिकाचा अंदाज घेण्यामागचं गणित आणि सांगलीत रक्ताचे नमुने घेण्यामागचं गणित, दोन्हींचं कूळ एकच.

हिशेबाचं बोलू. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात आरोग्य संशोधन विभागाला सुमारे ३,९०० कोटी रुपये होते. आरोग्य मंत्रालयाचा एकूण आकडा लाख कोटींच्या आसपास. शंभरातले चार. त्यातच प्रयोगशाळा, औषधांच्या चाचण्या, कर्करोग, क्षयरोग आणि त्यातूनच साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्रही. मला रकमेपेक्षा तिच्या चालीची काळजी वाटते. साथ आली की तिजोरी उघडते, ओसरली की प्रकल्प संपतो. प्रकल्प संपला की कंत्राटावर घेतलेली, वटवाघूळ हाताळायला किंवा नमुना काढायला शिकलेली मुलं दुसरी नोकरी शोधतात. तहान लागल्यावर विहीर खणायची, हे निदान मोजणीच्या बाबतीत तरी चालत नाही. आधीची नोंद नसेल तर आज वाढ झाली की घट, हे कळणार कसं?

महाबळेश्वरची मोजणी मात्र एकटी पडली नाही. एनआयव्हीने पुढे चौदा राज्यांत वटवाघळं तपासली आणि २०२३ मध्ये सांगितलं की महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक धरून नऊ राज्यांत आणि पुदुच्चेरीत निपाहची प्रतिपिंडं आढळली.

एक तक्रार राहते. सांगलीतल्या लोकांनी मेमध्ये रक्त दिलं, थोडी माहिती जूनमध्ये सांगितली गेली. पण पूर्ण शोधनिबंध छापून आला सप्टेंबरमध्ये, तोवर साथ कुठल्या कुठे गेली होती. जनतेच्या पैशातून जमवलेली माहिती जनतेला कधी आणि किती मिळावी, हा पुढच्या आठवड्याचा विषय.