सशांनी सोडलेली फुलं

दसऱ्याला दाराला घरच्या झेंडूचं तोरण लावायचं, एवढीच माझ्या मुलीची हौस होती. न्यू जर्सीत तिनं नवं घर घेतलं होतं, मागे चांगली ऐसपैस हिरवळ होती. २०२४च्या मे महिन्यात मी पोहोचले तेव्हा नर्सरीतून आणलेली झेंडूची दोन डझन रोपं ओळीनं लावून तयार होती. परवान्याशिवाय बी तिकडं नेता येत नाही, नाहीतर मी गावचंच बी नेलं असतं. अर्थात झेंडू मुळात मेक्सिकोकडचा. त्या भूमीला तो आमच्याइतका परका नव्हे!

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागे गेले, तर ओळीत नुसत्या काड्या उभ्या. जावई म्हणाले, "हरणं आली असतील." पण आमच्या माहेरी शेळ्या होत्या. शेळीला काय नि हरणाला काय, वरचे पुढचे दात नसतात. पाला ओढून तोडावा लागतो, त्यामुळे मागे फाटकंतुटकं टोक राहतं. इथं प्रत्येक काडी तिरकी आणि सुरीनं छाटल्यासारखी साफ होती. हे काम सशाचं. आणि स्वारी कुंपणापाशीच बसली होती! भुरकट अंग, कापसाच्या बोळ्यासारखी शेपटी. नावही कॉटनटेल. हा ससा बीळ खणत नाही. मादी हिरवळीतच ओंजळभर खळगा करते, स्वतःच्या अंगाची लव उपटून त्यात अंथरते आणि पिलं झाकून ठेवते. गवत कापताना तसा एक खळगा सापडला. माझी तीन वर्षांची नात चिमी त्यापुढं उकिडवी बसली, ती उठेचना. सशांना हाकलण्याचा विषय तिथंच संपला.

"अगं आई, झेंडूच्या वासानं ससे येत नाहीत म्हणतात ना?" मुलगी रडकुंडीला आली होती. म्हणतात खरं. पण 'ससा खात नाही' याचा अर्थ 'दुसरं काही मिळालं तर खात नाही' एवढाच घ्यायचा. कोवळं रोप आणि भुकेला ससा यांच्यामध्ये कुठलीच यादी टिकत नाही.

पुन्हा नर्सरी. तिथल्या बाईंनी उंच दांड्यावर जांभळ्या घंटा लटकलेलं एक झाड दाखवलं. फॉक्सग्लोव्ह. "याच्याकडे ससा बघतसुद्धा नाही." मुलगी हरखली. मी मात्र अडून बसले. डिजिटॅलिस हे हृदयविकाराचं औषध त्याच कुळातलं. झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी. आणि चिमीच्या हाताला लागेल ते तोंडात! "तुला माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," असं म्हणून मुलगी वाटेत गप्पच राहिली.

रात्री मी तिला आमच्या कुंपणावरची कण्हेर सांगितली. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून आजोबांनी ती लावली होती. आपल्याकडे महामार्गांच्या दुभाजकांवरही कण्हेर फुललेली दिसते. देवाला ती चालते. पण पूजेसाठी फुलं खुडून आणली की माझी आई आधी आम्हाला हात धुवायला लावायची. जनावर झाड सोडतं त्याला कारण असतं. कधी वास, कधी लव, कधी चीक, कधी विष. घरात लहान मूल असेल तर त्यातलं कुठलं कारण आपल्याला परवडतं, ते आधी बघायचं. सदाफुली विषारी, डॅफोडिलचा कांदा विषारी. दोन्हींवर काट मारली.

मग आम्ही नाकानं बाग निवडली. साल्व्हिया, कॅटमिंट, बी बाम, लव्हेंडर ही सगळी तुळस-पुदिन्याची भावंडं. पान चुरडलं की हाताला वास राहतो, तोच सशाला नको असतो. लव्हेंडरला मुळाशी पाणी साचलेलं खपत नाही, म्हणून त्याला मातीचा उंचवटा करून दिला. कडेला लँब्ज इअर लावलं, मेंढीच्या कानासारख्या लोकरी पानांचं. चिमी त्यावर गाल घासायची. पहिला बहर ओसरल्यावर कॅटमिंट मी निम्म्यावर छाटलं, तेव्हा मुलगी पुन्हा माझ्यावर रागावली; ऑगस्टमध्ये ते पुन्हा निळं झालं, तेव्हा काही बोलली नाही. पेटुनिया आणि पॅन्सी मी आणूच दिल्या नाहीत. ती सशांची मेजवानी.

आणि झेंडू? तो पुन्हा लावलाच. त्याच्याभोवती दोन फूट उंचीची बारीक जाळी ठोकली, तळ बाहेरच्या बाजूला वळवून चार बोटं मातीत पुरला. हिरवळीत क्लोव्हर उगवला होता, तो जावयांना उपटू दिला नाही. सशांनाही काहीतरी हवंच.

१२ ऑक्टोबरला दसरा. तोरणाला झेंडू थोडा कमी पडला, म्हणून मध्ये मध्ये साल्व्हियाचे जांभळे तुरे ओवले. मुलगी सुई-दोरा घेऊन माझ्या शेजारी बसली होती. एवढ्यात चिमी दिसेना. मागे जाऊन पाहिलं, तर ती जाळीपाशी उभी होती. तोरणासाठी ठेवलेलं एक टपोरं फूल तिनं गवतावर टाकलं होतं आणि हातभर अंतरावर बसून ससा ते शांतपणे खात होता.